कोंडाबाईची भट्टी आणि चावडीचा दोरा

फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची ते विचारू नका, पण तेव्हा गावातले तंटे गावातच तुटायचे आणि दिवाळीच्या लाह्या पिशवीत बांधून दुकानात मिळत नव्हत्या, एवढं नक्की. त्या काळी एका गावात एक भडभुंजीण राहत होती. गावाभोवती जिकडे बघाल तिकडे भाताची खाचरं, त्यामुळे तिच्या हाताला कामाची कमी नव्हती.

भडभुंजीण म्हणजे धान्य भाजून देणारी बाई. कढईत वाळू तापवायची, त्यात मूठभर साळी टाकायच्या, खराट्यानं भराभर फिरवायच्या, की तडतड तडतड करत पांढऱ्या शुभ्र लाह्या फुलतात. मग त्या चाळणीत घ्यायच्या, वाळू खाली आणि लाह्या वर. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा, म्हणजे कळेल.

या भडभुंजिणीचं नाव कोंडाबाई. अंगानं लहानखुरी, पण आवाज असा की ती घरात बोलली तर नदीवर धुणं धुणाऱ्या बाया मान वर करून बघायच्या. मनानं वाईट नव्हती हो. फक्त तिच्या मनात आलेली गोष्ट तोंडात यायला वेळ लागत नसे, आणि तोंडात आलेली गोष्ट गावभर व्हायला तर त्याहून कमी.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरी देवीपुढं लाह्या-बत्तासे लागायचे, आणि लाह्या कोंडाबाईच्याच. तिच्या आधी तिची सासू भाजायची, सासूच्या आधी सासूची सासू. गावात लक्ष्मीपूजन झालं आणि लाह्या नव्हत्या, असं कधी घडलेलं कुणाला आठवत नव्हतं. कोंडाबाईला या गोष्टीचा फार अभिमान होता. सून म्हणून आल्यापासून तिनं दुसरं काही मिरवलं नाही, पण हे मिरवलं.

त्या वर्षी पाऊस लांबला आणि सासूच्या वेळची जुनी भट्टी ओलीनं खचली. दसरा जवळ आलेला. आता नवी भट्टी बांधल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. म्हणून तिनं सटवाजी गवंड्याला बोलावलं.

सटवाजी मूळचा घाटावरचा, जंगलातल्या गावचा. लग्न करून इकडे आला आणि इथलाच झाला. हाताला चांगला, कामाला चोख, पण बोलण्यात कंजूष. चार शब्दांत भागत असेल तर तो दोनच खर्चायचा. कोंडाबाईनं त्याला नव्या भट्टीविषयी जे सांगायला सुरुवात केली ते ऊन डोक्यावर येईपर्यंत संपलं नाही. ओटा किती उंच हवा, तोंड कुठल्या दिशेला हवं, कढई कशी बसायला हवी, सगळं सांगितलं. वर म्हणाली, जुन्या भट्टीला बुडाशी एक भोक होतं, त्यातून घूस आत शिरायची आणि साळी खायची, तेव्हा या भट्टीला भोक-बिक अजिबात नको. सटवाजीनं मान डोलावली.

भट्टीत जाळणार काय, हे तेवढं तिनं सांगितलं नाही. भट्टीत तूस जाळतात, हे सांगायचं का असतं? भाताचा मुलूख, गिरणीमागे तुसाचे ढीगच्या ढीग. आणि सटवाजीनंही विचारलं नाही. भट्टीत लाकूड जाळतात, हे विचारायचं का असतं? त्याच्या माहेरच्या रानात, म्हणजे तो जिथं वाढला त्या रानात, लाकडाशिवाय दुसरं काही जळताना त्यानं पाहिलंच नव्हतं. तर असं दोघांनीही मनातल्या मनात सगळं ठरवून टाकलं आणि काम सुरू झालं.

भट्टी झाली मोठी देखणी. सरळ, गुळगुळीत, कुठं रेघ नाही की पोपडा नाही. रिवाजाप्रमाणे ती काटक्याकुटक्यांच्या मंद जाळावर हळूहळू सुकवली, तेव्हाही छान वागली. सटवाजीला त्याचा मोबदला पोचला, वर नारळ पोचला, आणि तो खूश होऊन घरी गेला.

मग कोंडाबाईनं तुसाची पाटी ओतली, पेटवलं, आणि भट्टीनं आपलं खरं रूप दाखवलं. जाळ काही धरेना. धूर मात्र असा उलटा घरात आला की कोंडाबाईचा नवरा खोकत खोकत अंगणात पळाला आणि दारातली शेळी दावं तोडून शेजारच्या परसात गेली. वाळू एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला गार. साळी टाकल्या तर निम्म्या करपल्या आणि निम्म्या कच्च्याच राहिल्या. एकसुद्धा लाही धड फुलली नाही.

कोंडाबाई तोंडावरची काजळीसुद्धा न पुसता तडक सटवाजीच्या घरी गेली. त्याच्या ओट्यावर तेव्हा चारजण नवे फेटे बांधून पोहे खात बसले होते. तिनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. दारातूनच सुरू झाली, ही भट्टी आहे की धुराचं कोठार, हे गवंडीकाम आहे की पोरखेळ, फुकट घेतल्यासारखा मोबदला घेऊन गेलात, आणि असंच बरंच काही. सटवाजी उठून उभा राहिला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता, पण आवाज चढला नाही.

"भट्टीत खोट नाही," तो म्हणाला. "भाजणाऱ्या हातात असेल."

झालं. कोंडाबाईला कुणी चोर म्हटलं असतं तर ती एक वेळ हसली असती, पण हातात खोट? तिथून ती निघाली ती थेट बाजारात, आणि भर बाजारात म्हणाली की बायांनो, सटवाजीनं बांधलेल्या भिंतीला टेकू नका, घर अंगावर येईल. लोक पोट धरून हसले. ज्यानं सटवाजीला जुन्या कुडाच्या जागी भिंत बांधायला सांगितली होती, त्यानं निरोप पाठवला की आता राहू दे, पुढं बघू. ते ऐकून सटवाजीनं कोंडाबाईचं नाव घ्यायचंच सोडलं.

आणि कोंडाबाईनं चावडीवर तक्रार लावली.

आता या गावाचा एक रिवाज होता, तो सांगायला हवा. ज्या वस्तूवरून तंटा असेल तिला चावडीचा दोरा बांधायचे. काळ्या-लाल सुताचा जाड दोरा, त्याची दोन टोकं मोकळी सोडलेली. कोतवाल येऊन बांधायचा, आणि पंचांनी बघेपर्यंत त्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही. सुनावणीच्या आधी दोघांना समेट करायचा असला तर दोघांनी मिळून, एकेक टोक धरून, कोतवालासमोर दोरा सोडायचा. म्हणजे तंटा मिटला, आणि त्या गोष्टीवरून पुन्हा कधी चावडीची पायरी चढायची नाही. एकट्यानं सोडला, तर तो हरला.

कोतवाल होता लिंबाजी. म्हातारा, दात गेलेला, पण गावातली एकही बातमी त्याला चुकवून जात नसे. त्यानं भट्टीला दोरा बांधला आणि सुनावणी ठरली वसुबारसेच्या बाजाराच्या दिवशी. पाटील आणि पंच बसणार, सगळा बाजार बघायला येणार.

त्या दिवसापासून कोंडाबाईला दुसरं काही सुचेना. ती चावडीवर काय बोलायचं त्याची तयारी करू लागली. आणि काय सांगू, भाषण असं जमलं की तिची तीच खूश. सुरुवात साधी, गरीब बिचाऱ्या बाईची, मग हळूहळू चढत जायचं, मग सटवाजीच्या गप्प बसण्यावर एक टोला, मग शेवटी पदर सावरून पंचांना विचारायचं, "सांगा मायबाप, खोट कुणाच्या हातात?" ते वाक्य ती दळताना म्हणायची, पाणी भरताना म्हणायची, शेळीला चारा घालताना तर शेळीकडे बोट करून म्हणायची. शेळी खाली मान घालायची. कोंडाबाईला वाटायचं, पटलं बहुतेक.

तिचा नवरा शांत माणूस. त्यानं एकदा भीत भीत विचारलं, "आणि लाह्यांचं काय?"

"आधी निकाल," कोंडाबाई म्हणाली.

सुनावणीच्या आदल्या दिवशी, दुपारची जेवणं आटोपायच्या वेळेला, लिंबाजी कोतवाल दोरा जागेवर आहे की नाही बघायला आला. बघून झाल्यावर नेहमीप्रमाणे ओट्यावर टेकला. नेहमी त्याला ओंजळभर लाह्या मिळायच्या, तो त्या ताकात भिजवून खायचा. या वेळी नुसतं ताक मिळालं. ते पीत तो बोलत राहिला आणि कोंडाबाईनं सहज विचारलं की उद्या आपल्या बाजूनं निकाल लागला की भट्टी कधी पेटेल.

लिंबाजीनं बोटांवर मोजत हिशेब सांगितला. पंच निकाल देणार, म्हणजे ही भट्टी पाडायची. मग सटवाजीनं नवी बांधायची, तो रडतखडत बांधणार. मग ती सुकायची. ओलीच पेटवली तर तडकणार. "देवदिवाळीला पेटेल बघ," तो म्हणाला.

कोंडाबाईच्या हातातलं ताकाचं भांडं तसंच राहिलं. देवदिवाळी म्हणजे लक्ष्मीपूजन होऊन किती दिवस उलटलेले असणार. तिनं सगळा विचार केला होता, पण तो "सांगा मायबाप" पर्यंत. त्या वाक्यानंतर लोक वाहवा करणार, एवढंच तिला दिसत होतं. वाहवा झाल्यावर घरी येऊन लाह्या कशात भाजायच्या, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे जिंकली तरी लाह्या नाहीत, आणि हरली तरी नाहीत. सासूच्या सासूपासून चालत आलेली गोष्ट तिच्या हातून तुटणार होती, आणि तीही तिच्याच विजयामुळे.

लिंबाजीला तिच्या मनातलं काय कळणार. तो आपला दुसरीच बातमी सांगत होता. "बिचारा सटवाजी," तो म्हणाला. "तू त्याच्या दारात गेली होतीस ना भांडायला, त्या दिवशी त्याच्या ठकूला बघायला पाहुणे आले होते. पोहे अर्धे टाकून उठले. पुन्हा निरोप नाही."

कोंडाबाईला ते नवे फेटे आठवले. पोह्यांच्या बश्याही आठवल्या. दारातून आपण काय काय बोललो, तेही शब्दन् शब्द आठवलं, आणि तिला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. सटवाजी आपल्याला आवडो न आवडो, त्याच्या लेकीनं तिचं काय घोडं मारलं होतं?

मग ती उठली, तोंड धुतलं, या वेळी आठवणीनं धुतलं, आणि लिंबाजीला म्हणाली, "तात्या, माझ्याबरोबर चला."

सटवाजी त्याच्या अंगणात बसून थापी पुसत होता. पुसायसारखं तिच्यावर काही नव्हतं, कारण बरेच दिवस तिला चुना लागलाच नव्हता. कोंडाबाईला बघून तो उठला नाही. त्याची लेक ठकू दारात आली, आणि आईबापांनी शिकवलेलं असल्यामुळे असेल, भांडायला आलेल्या बाईलाही पाण्याचा तांब्या देऊन गेली. कोंडाबाईनं तांब्या तसाच खाली ठेवला.

"सटवाजीभावजी," ती म्हणाली, "त्या दिवशी तुमच्या ओट्यावर कोण बसलंय हे मी बघितलं नाही. बघितलं असतं तर थांबले असते की नाही, देव जाणे. पण पोरीचं काही वाकडं व्हावं असं माझ्या मनात नव्हतं. माझं चुकलं."

सटवाजीनं थापी खाली ठेवली. बराच वेळ तो तिच्याकडे बघतच राहिला, कारण एवढं कमी बोलून थांबलेली कोंडाबाई त्यानं कधी पाहिली नव्हती.

"उद्यासाठी मी बोलायची तयारी केली आहे," तो शेवटी म्हणाला.

"मीही केली आहे."

"माझं लांब नाही. पण लागेल असं आहे."

कोंडाबाईला ते ऐकायची इतकी इच्छा झाली की तिनं ओठ आत दाबून धरले. तिच्या स्वतःच्या भाषणानंही आतून धडका द्यायला सुरुवात केली होती. इतकं सुंदर जमलेलं, आणि आता ते कुणीच ऐकणार नाही. खरं सांगते, तिला त्या क्षणी लाह्यांपेक्षा भाषणाचंच जास्त वाईट वाटलं. पण तिनं ते गिळलं आणि म्हणाली की आपण दोघं मिळून दोरा सोडू या.

सटवाजी सहजासहजी कबूल होईना. भट्टी आपण चांगली बांधली आहे, ते आपण सोडणार नाही, असं तो म्हणाला. आपल्या हातात खोट नाही, ते आपणही सोडणार नाही, असं ती म्हणाली. मग समेट कसला, असं लिंबाजी म्हणाला.

"तुम्ही तिला पेटलेली बघितलीत कधी?" कोंडाबाईनं विचारलं.

बघितली नव्हती. ती भांडायला आली होती, भट्टी बघायला या असं म्हणायला नाही. आणि दोरा बांधल्यावर तर ती पेटवायची सोयच राहिली नव्हती. उद्या पंच आले असते तरी त्यांनी गार भट्टीच बघितली असती आणि तिच्या गुळगुळीतपणावर वाद घातला असता.

सटवाजी उठला. कोपऱ्यात रचलेल्या सरपणातली एक मोळी त्यानं खांद्यावर घेतली आणि चालू लागला.

भट्टीपाशी आल्यावर दोघांनी दोऱ्याचं एकेक टोक धरलं. लिंबाजीनं रिवाजाप्रमाणे बजावलं की आता विचार करा, सुटला की सुटला, पुन्हा तक्रार नाही. कोंडाबाईचा हात थांबला. भट्टी अशीच राहिली, सटवाजी हात झटकून निघून गेला, तर? मग तिच्याकडे काहीच उरणार नव्हतं, ना निकाल ना लाह्या. तिनं सटवाजीकडे बघितलं. त्याचाही हात थांबला होता. भट्टीत खोट निघाली तर ती आता कोतवालाच्या डोळ्यांदेखत निघणार होती, आणि लिंबाजीच्या डोळ्यांदेखत म्हणजे गावाच्या. मग कोंडाबाईनं डोळे मिटून टोक ओढलं. त्यानंही ओढलं. दोरा सुटून खाली पडला.

सटवाजीनं मोळी सोडून लाकडं भट्टीच्या तोंडाशी रचायला घेतली, तेवढ्यात कोंडाबाई मागून पाटी घेऊन आली. दोघं एकमेकांच्या हातांकडे बघत उभी राहिली.

"हे काय?" सटवाजी म्हणाला.

"तूस."

"भट्टीत?"

"मग काय चंदन जाळू?"

सटवाजी मटकन खाली बसला. कपाळावर हात मारून घेतला आणि हसायला लागला. तो हसला की त्याचा आवाज मोठा होतो, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. लिंबाजीला आधी कळेना काय चाललंय, मग कळलं तेव्हा त्यानं आपलं बोळकं उघडून असा सूर लावला की शेळी पुन्हा दावं ताणू लागली.

मग सटवाजी पोटावर पालथा झाला, भट्टीच्या तोंडातून आत बघितलं, आणि तुसाची एक ओंजळ टाकून पेटवून पाहिली. धूर आला. तो खोकत बाहेर आला तेव्हा त्याचंही तोंड काळंठिक्कर झालं होतं. म्हणाला की लाकडाला हे तोंड पुरतं, पण तुसाला खालून वारा लागतो. तोंड अरुंद हवं, आणि बुडाशी वाऱ्याला वाट हवी. म्हणजे भोक हवं.

कोंडाबाईचं हसू थांबलं. तिला सासूची जुनी भट्टी आठवली. सासू रोज सकाळी त्या भोकातली राख काडीनं कोरून काढायची, आणि सून मनात म्हणायची, म्हातारीला घुशीचं बीळ बुजवायचंही सुचत नाही. सटवाजी काही बोलला नाही. त्याला आठवत असेल की नसेल, पण तो बोलला नाही. ती स्वतः बोलली नसती तर ते तसंच विरूनही गेलं असतं.

"भोक नको असं मीच सांगितलं होतं," ती म्हणाली.

"आणि का नको, ते मी विचारलं नाही," सटवाजी म्हणाला. "काय जाळणार तेही विचारलं नाही. गवंड्यानं विचारायला हवं."

मग काय, कामाला सुरुवात झाली. भट्टी पाडायची गरजच नव्हती. सटवाजीनं बुडाशी छिन्नीनं वाट पाडली, घूस शिरू नये म्हणून तिच्यात भाजलेल्या कौलाच्या पट्ट्या उभ्या बसवल्या, आणि तोंड विटेच्या तुकड्यांनी अरुंद केलं. कोंडाबाईनं माती मळून दिली, तिच्या नवऱ्यानं पाणी आणलं, आणि लिंबाजीनं सगळ्यांना सल्ले दिले. लिंपण थोडंसंच होतं, ते काटक्यांच्या जाळावर सुकवलं, आणि उन्हं कलली तेव्हा पुन्हा तूस टाकला. या वेळी जाळ खालून सळसळत वर आला. धूर शहाण्यासारखा धुराड्यातून गेला. वाळू सगळीकडून सारखी तापली आणि कोंडाबाईनं साळींची पहिली मूठ टाकली. क्षणभर काहीच नाही. मग तडतड सुरू झाली, आणि ती थांबेचना. कोंडाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानं आलं असं ती म्हणाली, पण तेव्हा धूर नव्हता.

आता एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मीही उठून कामाला लागले असते. पण भट्टी दुरुस्त झाली तरी भर बाजारात उधळलेले शब्द अजून बाजारातच पडले होते. सटवाजीनं जास्तीच्या कामाचं काही मागितलं नाही. तो एवढंच म्हणाला, "वहिनी, माझ्याकडे कुणी भिंत बांधायला येत नाही." कोंडाबाईनं मान हलवली. काय करायचं ते तिला कळलं होतं, आणि ते तिला मुळीच करावंसं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीपुढं पाय ठेवायला जागा नव्हती. लोक लवकर बाजार उरकून, शेंगा घेऊन, तमाशा बघायला बसले होते. कुणी झाडावर, कुणी बैलगाडीवर. लिंबाजीनं सुटलेला दोरा पंचांपुढं ठेवला आणि तंटा मिटल्याचं सांगितलं. लोकांची अशी निराशा झाली की एकजण उघडच म्हणाला, शेंगा फुकट गेल्या.

पाटलांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, कुणाला काही सांगायचं आहे का?

कोंडाबाई पुढं आली. एवढी माणसं तिचं बोलणं ऐकायला यापूर्वी कधी जमली नव्हती आणि पुन्हा कधी जमणारही नव्हती. ते सुंदर भाषण जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. नुसती पहिली ओळ सोडली असती तर बाकीचं आपोआप आलं असतं, आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतलं असतं. तिनं पदर सावरला. समोर सटवाजी खाली बघत उभा होता, त्याच्यामागे ठकू.

"सटवाजीभावजींच्या भिंतीला टेकू नका, असं मी याच बाजारात म्हणाले होते," ती म्हणाली. "रागाच्या भरात खोटं बोलले. त्यांचं काम चांगलं आहे. भट्टी बिघडली ती मी नीट सांगितलं नाही म्हणून. त्यांच्या दारात जाऊन पाहुण्यांदेखत बोलले, तेही चुकलं."

तिचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता, म्हणून शेवटच्या बैलगाडीपर्यंत सगळ्यांना ऐकू गेला. मग सटवाजी पुढं आला आणि म्हणाला, "हिच्या हातात खोट नाही. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही." त्याच्या मानानं हे फारच लांबलचक झालं, म्हणून तो लगेच मागं सरकला.

पाटील दाढी खाजवत बसले. अशी सुनावणी त्यांनी कधी चालवली नव्हती. दोन्ही पक्ष स्वतःविरुद्धच साक्ष देत होते. तंटा मिटल्याची नोंद करायची तर कोण जिंकलं ते सांगायला हवं, असं त्यांना वाटलं.

"मग जिंकलं कोण?" त्यांनी विचारलं.

"ते लक्ष्मीपूजनाला विचारा, पाटील," कोंडाबाई म्हणाली. "आत्ता भट्टीवर वाळू तापली आहे, मला जाऊ द्या."

आणि ती गेलीसुद्धा. तिच्यामागून सटवाजीही गेला, कारण भट्टीचं धुराडं अजून थोडं उंच करायचं राहिलं होतं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरी पाटावर लाह्या होत्या. पाटलांच्या घरी होत्या, लिंबाजीच्या घरी तर दोन सुपं होती. सटवाजीच्या घरच्या लाह्या पोचवायला कोंडाबाई स्वतः गेली, आणि ठकूनं तिला आत बोलावून पाटावर बसवलं. तुळशीचं लग्न झाल्यावर त्या चार फेटेवाल्यांकडून निरोप आला की मुलगी पसंत आहे. तो कोंडाबाईच्या बोलण्यामुळे आला, की ठकूच गुणाची होती म्हणून आला, ते मला विचारू नका. दोन्हींतलं काहीही असलं तरी लग्नाच्या मांडवात फुटाणे कोंडाबाईच्याच भट्टीतले होते.

तर पोरांनो, आणि पोरांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, तात्पर्य म्हणाल तर ते एवढंच: भांडण जिंकायला निघण्याआधी आपल्याला घरी काय न्यायचं आहे ते आधी स्वतःला विचारावं; कारण बहुतेक वेळा ते निकालात नसतं, ज्याच्याशी भांडतोय त्याच्याच हातात असतं.